घरचं दळण

आमच्या हिचे मामा हे अख्ख्या नाशिक जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, की ज्यांना घरात सगळं सुरळीत चाललं की धडकी भरते. नळाला वेळेवर पाणी आलं, गॅस संपला नाही, नात्यात कुणी आजारी नाही, कॅनडातल्या लेकीचा फोनही हसतखेळत झाला, की मामा अस्वस्थ. गॅलरीत येरझाऱ्या घालायचे आणि खाली वाकून मामींना विचारायचे, "अगं, कुणाचं काही कळलं का?" काही म्हणजे काहीतरी वाईट, हे मामींना ठाऊक असायचं. त्या खालूनच सांगायच्या की अमक्याची म्हैस गेली, तमक्याच्या मुलीचं जमता जमता मोडलं. मग मामांचा चेहरा खुलायचा. माणूस दुष्ट नाही हो, उलट मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा. पण मामा ब्लूज वाजवतात. गिटारीवर. गेली कित्येक वर्षं, इंदिरानगरात, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर बसून. आणि त्या संगीताला म्हणे दुःख लागतं, भजीला बेसन लागतं तसं.

ब्लूज म्हणजे काय हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं आणि लग्नानंतर सुटका नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकरी माणसांचं गाणं, शेतात राबता राबता जन्माला आलेलं, असं मामांनी मला समजावलं. मी सरळ माणूस, म्हणालो, म्हणजे रडगाणं. त्यानंतर मामा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग स्वतःच घरी आले आणि पाट मांडून बसावं तसे सोफ्यावर बसले. म्हणाले, "जावईबापू, रडणारा माणूस एकदा रडतो आणि मोकळा होतो. ब्लूजवाला पहिल्या ओळीत दुःख सांगतो. दुसऱ्या ओळीत तेच परत सांगतो, कारण पहिल्यांदा घरातलं कुणी ऐकत नाही. तिसऱ्या ओळीत जे काय असेल ते बोलून गप्प बसतो." मी म्हणालो की हे तर आमच्या घरी रोज होतं. मामा आनंदले. त्यांना वाटलं मला ब्लूज कळला.

मामा मूळचे देवळ्याचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले धाकटे. तरुणपणी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि हौस म्हणून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागले. एकदा कारखान्यात नवं मशीन बसवायला एक गोरा इंजिनियर आला आणि जाताना मामांना एक कॅसेट देऊन गेला. मामांनी ती लावली. त्यातल्या म्हाताऱ्या गायकाचं एक अक्षर त्यांना कळलं नाही, पण पहिल्याच गाण्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामींना हाक मारून म्हणाले, "ऐक, ऐक. हा माणूस भाव पडल्या दिवशी कांदा विकून घरी आलेला हाय." मामींनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "मग त्याला आधी चहा द्या." त्या दिवसापासून मामांनी लग्नाचा ऑर्केस्ट्रा सोडला. पाने-सॉकेटच्या पेटीतलं एक सॉकेट करंगळीत घालून ते तारांवरून घसरवत, आणि त्यातून असा काही आवाज निघे की शेजारचा कुत्रा सुरुवातीला उत्तर द्यायचा. पुढे त्यालाही सवय झाली.

मामांच्या गाण्यांचा कारखाना म्हणजे मामींची गिरणी. खाली गिरणी, वर घर. दळण घेऊन आलेल्या बायका पत्र्याच्या डब्यांच्या रांगेपाशी बाकावर बसून मन मोकळं करायच्या, आणि वर गॅलरीत मामा कान लावून बसलेले. सुनेनं डबा धुतला नाही, नवरा बोलत नाही, मुलगा पुण्याहून येतो म्हणाला आणि आला नाही. त्यातलं एखादं वाक्य मामांच्या मनात रुतलं की ते उठायचे, आठ-आठ दिवस तेच वाक्य पुटपुटत घरभर फिरायचे, दाढी करताना, आंघोळ करताना, भाजी आणायला गेल्यावर भाजीवालीसमोर. एकदा भाजीवालीनं विचारलं, "बाबा, कोण गेलं घरातलं?" मग एके दिवशी गाणं पूर्ण व्हायचं. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं, म्हणजे आमच्या कुटुंबात गाजलेलं, गाणं असं होतं:

लाईट गेली, दळण अर्धं राहिलं
अगं लाईट गेली, दळण अर्धं राहिलं
ज्याच्यासाठी दळत होते, त्यानं बाहेरच खाल्लं

मामा हे डोळे मिटून, मान हलवत, असं काही गायचे की आम्ही हसून हसून लोळायचो. हसल्याचा त्यांना राग यायचा नाही. हसताय म्हणजे पोचलं, म्हणायचे.

गाण्याबद्दल सगळ्यांचं मत घेणाऱ्या मामांना एकीचं मत कधी मिळालं नाही. प्रत्येक नवं गाणं ते मामींना ऐकवायचे आणि आशेनं बघायचे. मामी हातातलं पीठ झटकत म्हणायच्या, "वाजतंय की." बस. वाईट नाही, चांगलं नाही, वाजतंय की. मामा मला बाजूला घेऊन सांगायचे, बाई सोन्यासारखी आहे हो, पण सुरातलं काही म्हणजे काही कळत नाही. नशिबात एवढं एकच कमी पडलं. मी मान डोलवायचो, कारण मलाही सुरातलं काही कळत नव्हतं आणि मामी म्हणजे माझाच पक्ष, असं मला वाटायचं.

पण मामांचा खरा गर्व गाण्याचा नव्हता, गिरणीचा होता. त्यांची गिटार ते गिरणीच्या आवाजावर लावायचे. लोक पेटीवर लावतात, मोबाइलवर लावतात. मामा संध्याकाळी, गिऱ्हाइकांचं सगळं दळून झालं आणि मामींनी घरचं दळण टाकलं, की गॅलरीत बसून गिटारीचे कान पिळायचे. खालून गिरणीची घरघर, वरून टिंग टिंग. मग खालून मामींची हाक यायची, "लागली का?" मामा म्हणायचे, "लागली." की गिरणी बंद. हा रोजचा कार्यक्रम. मामा छाती फुगवून सांगायचे की व्होल्टेज वर-खाली होईल, पावसाळ्यात धान्य सादळेल, दगड झिजतील, पण आमच्या गिरणीचा सूर केसभर हलायचा नाही. असला सूर म्हणे अख्ख्या नाशकात नाही. ते मात्र खरं होतं. कारण हिनं एकदा मोबाइलवर सूर मोजून पाहिला, तर काटा दोन सुरांच्या बरोबर मधे. हा नाही, तो नाही. मामा म्हणाले मोबाइल बिघडलाय.

या मधल्या सुरानं मामांना आयुष्यात फार पुढे जाऊ दिलं नाही. गंगापूर रोडच्या एका कॅफेतल्या दाढीवाल्या पोरांना कुठून तरी पत्ता लागला आणि त्यांनी मामांना मोठ्या मानानं वाजवायला बोलावलं. आम्ही सगळे नटूनथटून गेलो. पोरांच्या की-बोर्डशी मामांची गिटार काही केल्या जुळेना. पोरं नम्रपणे म्हणाली, अंकल, जरा आमच्या सुरावर घ्या ना. मामा म्हणाले, तार प्रवासात उतरली असेल, एक मिनिट. आणि खिशातून मोबाइल काढून घरी फोन लावला. "गिरणी लाव गं." कॅफेतली माणसं बघत राहिली. पलीकडे मामींनी काही विचारलं नाही, डबा उचलून ओतल्याचा आवाज आला, गिरणी सुरू झाली, आणि मामा एका कानाला फोन लावून, खांद्यात मान घालून, सहाही तारा पुन्हा त्याच सुरावर लावत बसले. फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "लागली का?" मामा म्हणाले, "लागली." मग ते एकटेच वाजवत राहिले आणि पोरं वाद्यं खाली ठेवून ऐकत राहिली. नंतर एका पोरानं त्यांच्या पायाला हात लावला. घरी येऊन मामांनी ते तीन-तीनदा सांगितलं. मामी म्हणाल्या, "मग, वाजलं की."

मामींच्या घरी जेवणं म्हणजे एक वेगळीच शिक्षा होती, तेही सांगून टाकतो. स्वतःची गिरणी, आणि घरच्या पोळ्या जाड्याभरड्या पिठाच्या. दाताखाली रवा लागायचा. हलवायाच्या घरी गोड नसतं म्हणतात ते ठीक, पण निदान मीठ तरी असतं. मी जावई माणूस, गुपचूप खायचो. मामा मात्र ताटावर बसले की सुरू. सगळ्या इंदिरानगरला रेशमासारखं पीठ देते आणि नवऱ्याच्या पोटात वाळू घालते! मामी शांतपणे दुसरी पोळी वाढायच्या. फार झालं तर म्हणायच्या, "घरचंच हाय, चालतंय." हे वर्षानुवर्षं चाललं. मामांचा त्यावरही ब्लूज होता.

गेल्या थंडीत मामी गेल्या. दुपारी छातीत कळ आली म्हणाल्या, गिरणीतल्या बाकावर बसल्या, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा डब्यांची रांग तशीच होती. झाकणावर खडूनं नावं लिहिलेली. पुढच्या दोन दिवसांत मामांनी एकेक डबा स्वतः उचलून ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिला. आम्ही गाडीतून सोडतो म्हणालो, ऐकलं नाही. दारात उभं राहून म्हणायचे, दळून नाही देता आलं. शेवटी एकच डबा उरला, त्यावर नाव नव्हतं. तो घरचा. तो तिथेच राहिला.

त्यानंतर मामा गप्प झाले. आमच्या नात्यातल्या एका शहाण्यानं त्यांना सांगितलं की आता तुमच्याकडे खरं दुःख आहे, आता बघा कसं गाणं होतं. मी त्या माणसाला मारणारच होतो. मामा चिडले नाहीत. म्हणाले, "गाणं करायला दुःखापासून जरा लांब उभं राहावं लागतं. मी अजून आतच हाय." गिटार भिंतीवर होती. तिच्या तारा उतरल्या होत्या. हिनं आग्रह करकरून एकदा ती मोबाइलवर लावायला लावली. सहाही तारा अगदी बरोबर लागल्या, काटा नेमका सुरावर. मामांनी एकदा हात फिरवला, गिटार परत भिंतीवर ठेवली आणि म्हणाले, ही दुसऱ्या कुणाची तरी वाटते. गिरणीचा आवाज कुणाच्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेला आहे का, म्हणून आम्ही सगळ्यांना विचारलं. कुणाकडेच नव्हता. रोज कानावर पडणारा आवाज कोण जपून ठेवतो?

मे महिन्यात मामांनी गिरणी विकायची ठरवली. घोटीचा एक माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. आम्ही दोघं दुपारीच मदतीला गेलो, पाहतो तर मामा भिंतीवरची गिटार घेऊन खाली गिरणीत, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेले. मला म्हणाले, "जावईबापू, उद्या ही जाणार. आज एकदा लावून घेतो. परत कुठं मिळणार हा सूर?" एवढंच त्यांचं मागणं होतं. मी बटण दाबलं. पट्टा फिरला, दगड फिरले, गिरणी सुरू झाली. मामांनी कान दिला आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज पातळ, चढा, परका. मामा म्हणाले, ही नाही.

मग आठवलं की गिरणी रिकामी चालवली तर आवाज वेगळाच येणार. दळण हवं. गिरणीत धान्य होतं ते एकाच डब्यात, त्या नाव नसलेल्या. मामांनीच तो पुढे सरकवला. म्हणाले, घ्या. मी झाकण काढलं, गहू वरच्या नरसाळ्यात ओतला आणि खालची, गहू दगडांत सोडणारी पत्र्याची पट्टी पूर्ण उघडून मोकळा झालो. गिरणी गुरगुरली, पट्टा किंचाळला, आवाज पार खाली गेला. मामा म्हणाले, तुम्ही दळताय की भांडताय? फार दिवसांनी मामा काही तिरकं बोलले, म्हणून मला बरं वाटलं. पण सूर काही तो नव्हता. पट्टी थोडी बंद केली तर चढायचा, थोडी उघडली तर घसरायचा. एका जागी म्हणून थांबेना. मामा हताश होऊन म्हणाले की ती गेली तशी गिरणीही बिघडली.

तेव्हा हिनं मला बाजूला सारलं. लहानपणी सुट्टीत ही मामींकडेच राहायची. तिनं पदर खोचला, एक हात पट्टीवर ठेवला आणि दुसरा दगड सैल-घट्ट करायच्या चाकावर. म्हणाली, मामी अशा उभ्या राहायच्या, मला आठवतंय. दोन्ही हात सोडायच्या नाहीत. मग तिनं चाक जरासं सैल केलं, पट्टी जराशी उघडली. मामांनी डोळे मिटले आणि टेम्पो मागे घेताना क्लीनर हात हलवतो तसा हात हलवायला लागले. वर. अजून वर. खाली, थोडं खाली. गहू कमी पडला की सूर पळायचा, हिनं पट्टी सरकवली की परत यायचा. आणि मग मामांचा हात हवेत थांबला.

तोच. मला सुरातलं काही कळत नाही, पण मलासुद्धा कळलं. वर्षानुवर्षं ज्या आवाजात आम्ही चहा प्यायलो, तो आवाज.

मामा भराभर कान पिळू लागले. एकेक तार त्या आवाजाला जाऊन मिळत होती. हिला मान वळवायची सोय नव्हती, हात सोडले असते तर सूर सुटला असता. तशीच पाठमोरी उभी राहून तिनं विचारलं, "लागली का?"

मामांनी सहाही तारांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "लागली."

मी बटण बंद केलं. ही दमली होती. तिनं खालच्या डब्यात हात घालून पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि ओशाळली. म्हणाली, मामा, फार जाड आलं हो, अगदी रवा झालाय. चाक सैल ठेवावं लागलं ना, नाहीतर तो सूरच येईना. मामा उठले. त्यांनी चिमूटभर पीठ घेतलं, अंगठ्यानं चोळलं, मग जिभेवर ठेवलं. आणि तिथेच, डब्यापाशी, खाली बसले.

"हे असंच यायचं," ते म्हणाले. "गिरणीला सूर नव्हताच, पोरी. तीच तो धरून उभी राहायची. रोज. लोकाच्या दळणात असं करता येत नव्हतं, म्हणून घरचं जाडं करायची." मग तळहातावरच्या पिठाकडे बघत म्हणाले, "आणि मी ताटावर बसून तिला नावं ठेवायचो."

ही तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काय आहे. मामा रडले नाहीत. त्यांनी गिटार घेतली, सॉकेट करंगळीत घातलं आणि ते लाईट गेल्याचं गाणं वाजवायला घेतलं, ज्याला आम्ही हसून लोळायचो. पहिली ओळ गायले. दुसऱ्यांदा तीच गायले. तिसरी ओळ गायलेच नाहीत. नुसती गिटार वाजत राहिली.

मी त्यांना सांगून पाहिलं, की टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवू, गिरणी राहू दे. मामा म्हणाले, ठेवून काय करू, पट्टीवर हात कुणाचा ठेवू? सकाळी गिरणी गेली. खाली आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

मामा पुन्हा वाजवायला लागले आहेत. पण त्या दिवसानंतर त्यांनी गिटारीचे कान पिळलेले नाहीत, आणि कुणाला हातही लावू देत नाहीत. हवा बदलते, तारा ढिल्या पडतात, सूर थोडा थोडा उतरत चालला आहे. प्रत्येक वेळी गेलो की मला तो आणखी खाली आलेला वाटतो. ही म्हणते, तुम्ही त्यांना सांगा ना काही. मी काय सांगणार? जोवर ऐकू येतोय तोवर त्यांना तो वाजवू दे.

दर रविवारी मामा आमच्याकडे जेवायला येतात. पहिल्या रविवारी हिनं त्यांच्यासाठी बाजारातलं सगळ्यांत भारी पीठ आणलं आणि मऊसूत, पातळ पोळ्या केल्या. मामांनी एक पोळी खाल्ली, दुसरी घेतली. छान झाल्यात म्हणाले. मग घास हातात धरून हळूच म्हणाले, "पीठ फार बारीक हाय गं."

तेव्हापासून ही गहू कोपऱ्यावरच्या गिरणीत नेते आणि जाडंच दळून आणते.